महानायकांचा मेळा आणि मराठीची जागा : द्वारकेतून एक इतिहासविचार

२६ एप्रिल २०१९ या शुक्रवारी दोन चित्रपट एकाच वेळी पडद्यावर आले. पहिला 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'. मार्व्हल स्टुडिओने अकरा वर्षांत उभारलेल्या मालिकेतील हा बाविसावा चित्रपट होता आणि त्याआधी स्वतंत्र चित्रपटांतून वावरलेले सुपरहीरो त्याने एका रणांगणावर आणले. दुसरा मकरंद माने दिग्दर्शित 'कागर'. ग्रामीण राजकारणाच्या पार्श्वभूमीवरील या प्रेमकथेत, 'सैराट'मुळे घरोघरी पोहोचलेल्या रिंकू राजगुरू यांची प्रमुख भूमिका होती. पहिला चित्रपट भारतातील सुमारे २,८४५ पडद्यांवर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत दाखल झाला. पहिल्याच दिवशी त्याचे निव्वळ उत्पन्न ५३ कोटी रुपयांच्या वर गेले आणि अखेरीस ते ३७० कोटींच्या पलीकडे पोहोचले. दोन चित्रपटांची ही तुलना विषम आहे, हे उघडच आहे. प्रस्तुत निबंधाचा रोखही या उत्पन्नाकडे नाही. पहिल्या चित्रपटाच्या चार भाषांमध्ये मराठी नव्हती, ही गोष्ट आपण इतकी स्वाभाविक का मानली, हा येथील प्रश्न आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या बाहेर अधिक नीट दिसतो. दिल्लीच्या नैर्ऋत्येला दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेले द्वारका हे उपनगर त्यासाठी सोयीचे आहे. 'पप्पनकलां' हे या वसाहतीचे आधीचे नाव. पुढे तिला कृष्णाच्या नगरीचे नाव मिळाले, सेक्टरांच्या क्रमांकांनी तिची आखणी झाली, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि २००५ च्या अखेरच्या दिवशी मेट्रो तिथवर पोहोचली. पहाडगंजातील नूतन मराठी शाळेभोवती किंवा करोलबागेत जुन्या पिढीतील मराठी माणसांचा जसा एकमेकांना आधार होता, तसा दाट शेजार येथे नाही. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे विखरून राहतात. अशा घरातील मुलासमोर 'एंडगेम'साठी दोनच पर्याय होते : इंग्रजी किंवा हिंदी. त्याच्या शेजारच्या तमिळ घरातील मुलालाही दिल्लीत बहुधा हेच दोन पर्याय उरत. पण आपल्या भाषेत हा चित्रपट अस्तित्वात आहे, चेन्नईच्या आजोळी तो तमिळमध्ये पाहता येतो, हे त्या मुलाला ठाऊक होते. मराठी मुलाला पुण्यात किंवा नागपुरात गेल्यावरही तो मराठीत मिळणार नव्हता.

सुपरहीरोंच्या मेळ्याची कल्पना चित्रपटाची नाही, ती अमेरिकी चित्रकथांमधून आली. १९४० साली 'ऑल स्टार कॉमिक्स'मध्ये वेगवेगळ्या अंकांतील नायक 'जस्टिस सोसायटी'च्या रूपाने एकत्र आले. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'अ‍ॅव्हेंजर्स'ची जुळवाजुळव केली. त्यामागे प्रकाशकाचा व्यवहारही होता : एका नायकाचा वाचक दुसऱ्या नायकाच्या अंकाकडे वळावा. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून हाच व्यवहार पडद्यावर आला. २०१२ च्या पहिल्या 'अ‍ॅव्हेंजर्स'ने तो यशस्वी करून दाखवला आणि त्यानंतर जगभरच्या निर्मात्यांना एकेका चित्रपटापेक्षा परस्परांत गुंफलेल्या चित्रपटांचे 'विश्व' हवेसे वाटू लागले. या रूपबंधाचे परिणाम अनेकदा सांगितले गेले आहेत : मध्यम खर्चाच्या चित्रपटांची कोंडी, कथेचा शेवट सतत पुढे ढकलणे, श्रेयनामावलीनंतरच्या तुकड्यासाठी बसून राहणारा प्रेक्षक. त्यांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही.

आपल्याकडे या प्रकारच्या चित्रपटाविषयी बोलताना एक प्रतिक्रिया हमखास ऐकू येते : यात नवे काय, आमचे महाभारत म्हणजे नायकांचा मेळाच की. प्रस्तुत लेखकाला हा अभिमान अभ्यासाच्या दृष्टीने फारसा उपयोगी वाटत नाही. साम्य दाखवून तुलना संपत नाही, तेथे ती सुरू होते. अधिक विचारार्ह आहे तो भेद, आणि तो नटाच्या देहाशी निगडित आहे. अमेरिकी मालिकेत एक पात्र आणि एक नट यांची गाठ करारांनी बांधलेली असते. टोनी स्टार्क म्हणजे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, आणि त्या पात्राचा मृत्यू प्रेक्षकाला जो चटका लावतो त्यात एका नटाच्या निरोपाचाही वाटा असतो. मराठी परंपरेत ही गाठ नेहमीच सैल राहिली आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले. कोकणातील दशावतारात वेश बदलला की देव बदलतो, आणि कीर्तनकार तर वेशही न बदलता दोन्ही बाजूंचे संवाद बोलतो. द्वारकेच्या सेक्टर १० मधील मैदानावर दसऱ्याच्या सुमारास जी रामलीला होते, तेथेही रामाचे काम कोण करतो यावर प्रेक्षकांची श्रद्धा अवलंबून नसते.

या सैल गाठीचा अलीकडचा पुरावा मराठीतच सापडतो. दिग्पाल लांजेकर यांनी आठ चित्रपटांच्या 'श्री शिवराज अष्टक' या संकल्पनेतून 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३) असे चित्रपट केले. आधी आखलेली मालिका, एका चित्रपटातील मावळा दुसऱ्यात दिसणे, शिवाजी महाराजांच्या भूमिकेत सातत्याने चिन्मय मांडलेकर : मार्व्हलच्या पद्धतीशी मराठी चित्रपट याहून जवळ कधी गेलेला नाही. तरीही 'पावनखिंड'मध्ये अजय पुरकर बाजीप्रभू झाले आणि 'सुभेदार'मध्ये तेच तानाजी झाले. अमेरिकी मालिकेत ही विसंगती ठरली असती व तिच्या समर्थनासाठी एखादे समांतर विश्व निर्माण करावे लागले असते. मराठी प्रेक्षकाने ती सहज स्वीकारली, कारण बाजीप्रभू आणि तानाजी त्याच्याकडे पोवाड्यांतून, शाळेच्या पुस्तकांतून आणि गडांच्या वाटांवरून आधीच पोहोचलेले होते. नटाने ते काही काळ अंगावर घ्यायचे, एवढेच.

म्हणजे नायकमेळ्यासाठी लागणारी सामग्री मराठीकडे होती आणि त्याचा स्वतःचा घाटही होता. तरीही जागतिक मेळा मराठीत आला नाही. त्याची कारणे कलेच्या इतिहासापेक्षा वितरणाच्या इतिहासात शोधावी लागतात.

बोलपटाच्या आरंभी चित्र वेगळे होते. मूकपटांच्या मजकूरफलकांवर इंग्रजीबरोबर देशी भाषा येई आणि भाषा बदलण्यासाठी फलक बदलणे पुरे होत असे. बोलपट आल्यावर ही सोय गेली. तेव्हा 'प्रभात'ने चित्रपट दोनदा करण्याचा महागडा मार्ग धरला. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) या जोड्या प्रसिद्ध आहेत. यांतील शेवटची जोडी तौलनिक अभ्यासकाने मुद्दाम पाहावी. मराठीत हिंदू शेजारी जिवबा केशवराव दाते यांनी रंगवला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान यांच्याकडे गेली. त्यामुळे हिंदू-मुस्लिम सलोख्याच्या या कथेत हिंदीपुरता मुसलमान नट हिंदू आणि हिंदू नट मुसलमान झाला. भाषा बदलली तसा पात्रयोजनेचा अर्थही बदलला. येथे भाषांतर आवाजापुरते नव्हते, ते संपूर्ण प्रयोगाचे होते, आणि त्यात मराठी ही आरंभीची भाषा होती, हिंदी तिच्या बरोबरीची.

ही बरोबरी पुढे टिकली नाही. मुंबई हिंदी चित्रपटाची राजधानी झाली आणि मराठी भाषक त्या हिंदीचा गृहीत धरलेला प्रेक्षक झाला. या गृहीतकाचा एक भौगोलिक आधार मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. हिंदी चित्रपटव्यवसाय देशाची वाटणी 'सर्किट' या नावाच्या वितरणक्षेत्रांत करतो आणि उत्पन्नाची गणनाही त्यांनुसार होते. यात मराठी मुलूख तीन तुकड्यांत आहे. मुंबई, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र 'बॉम्बे' क्षेत्रात, गुजरात आणि गोव्याच्या सोबत. विदर्भ 'सी.पी. बेरार'मध्ये, मध्य प्रदेशाच्या काही भागांसह. मराठवाडा 'निजाम'मध्ये, तेलंगणासह. या नावांतच त्यांचे वय दडलेले आहे. मध्य प्रांत संपला, हैदराबाद संस्थान संपले, १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र साकार झाला. चित्रपटाच्या हिशेबवहीत मात्र तो कधी अवतरलाच नाही. चेन्नईहून किंवा हैदराबादहून पाहणाऱ्याला तमिळ किंवा तेलुगू बाजारपेठ सलग दिसते. मराठी बाजारपेठ अशी एकत्र दिसण्याची सोय व्यापाराच्या नकाशातच नव्हती. लातूरचा प्रेक्षक 'निजाम'मध्ये, अकोल्याचा 'बेरार'मध्ये आणि साताऱ्याचा 'बॉम्बे'मध्ये मोजला जात असेल, तर त्या तिघांची भाषा एक आहे हे त्या वहीला कसे कळावे? द्वारकेतील मराठी प्रेक्षक अर्थातच 'दिल्ली-यू.पी.'त मोडतो. त्याच्याविषयी तर बोलायलाच नको.

हॉलिवूडच्या वितरकांनी ही आयती वाटणी स्वीकारली. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क'ची हिंदी ध्वनिमुद्रित आवृत्ती यशस्वी झाली. पुढे तमिळ व तेलुगू आवृत्त्या नियमाने येऊ लागल्या. २००७ मध्ये 'स्पायडर-मॅन ३' भोजपुरीतही प्रदर्शित झाला, ही घटना आज विस्मरणात गेली आहे, पण ती अर्थपूर्ण आहे. भोजपुरी तेव्हा आठव्या अनुसूचीत नव्हती (आजही नाही) आणि राज्यभाषा तर कुठेच नव्हती. राज्याचा आधार असलेली, वृत्तपत्रे, विद्यापीठे व रंगभूमी असलेली मराठी मागे राहिली. भाषेच्या प्रतिष्ठेचा येथे काही संबंध नव्हता. हिंदीत आपण पोहोचणार नाही असा प्रेक्षक त्यांना भोजपुरीत दिसला, आणि मराठीत तो दिसला नाही. मराठी माणसाला हिंदी समजते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट अशी आपल्याच विरोधात गेली.

नायकमेळ्याने ही रचना आणखी घट्ट केली. प्रेक्षकाला सगळे भाग पाहिलेले असावे लागतात, म्हणून एकदा ज्या भाषेत मालिका सुरू झाली त्याच भाषेत ती पुढे चालते. अठराव्या किंवा एकोणिसाव्या भागाला नवी भाषा दाखल होणे अवघड. 'इन्फिनिटी वॉर' (२०१८) मध्ये तेलुगू थॅनॉसला राणा दग्गुबाती यांचा आवाज मिळाला. 'एंडगेम'च्या तमिळ आवृत्तीचे संवाद ए. आर. मुरुगदास यांनी लिहिले आणि आयर्न मॅनला विजय सेतुपती यांचा आवाज लाभला. ए. आर. रहमान यांनी हिंदी, तमिळ व तेलुगूत मार्व्हलचे गीत केले. या भाषांना केवळ आवृत्ती मिळाली नाही, त्या भाषांतील कलावंत या जागतिक संहितेचे सहकर्ते झाले. भारतीय चित्रपटावर या प्रकारचा जो सर्वांत खोल परिणाम झाला, तो प्रस्तुत लेखकाच्या मते संगणकीय दृश्यांपेक्षाही हा आहे : एकाच दिवशी अनेक भाषांत प्रदर्शन, प्रत्येक भाषेत ओळखीचा आवाज, आणि त्यातून कोणत्या भाषा मोजायच्या याची एक न लिहिलेली यादी. पुढे 'अखिल भारतीय' म्हणून गाजलेल्या चित्रपटांनीही बव्हंशी अशीच यादी चालवली.

भाषांतराच्या बाबतीत मराठी कमी पडली असती काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर अर्धशतकापूर्वीच मिळालेले आहे. १९६४ पासून टाइम्स समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढली. ली फॉक यांचा फँटम मराठीत आला तो 'वेताळ' होऊन. हा शब्द निवडणाऱ्याला दाद द्यावी लागेल. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री गावाभोवती फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. मूळ चित्रकथेतील फँटमची ओळखच मुळी चालणारे भूत अशी आहे. आफ्रिकेच्या कल्पित जंगलातील गोरा नायक एका शब्दात वेंगुर्ल्याच्या वेशीवर येऊन उभा राहिला. १९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले. त्यानंतरच्या नायकांना आपण नावे दिलीच नाहीत. आयर्न मॅन आयर्न मॅनच राहिला आणि थॉरही थॉरच. हिंदी, तमिळ, तेलुगूतही बहुधा तसेच झाले, हे मान्य. पण तेथे निदान बाकीचे वाक्य त्या भाषेचे होते.

मराठी नायक आणि अन्य भाषा अशी विभागणी हिंदीच्या नायकमेळ्यात फारच ठळक दिसते. रोहित शेट्टी यांच्या पोलीस-मालिकेची सुरुवात 'सिंघम' (२०११) पासून होते. ही 'सिंगम' या तमिळ चित्रपटाची पुनर्निर्मिती. आडनाव तमिळ मूळपटातून आले, पण नायकाचे नाव बाजीराव झाले, गाव गोव्याच्या सीमेवरचे शिवगड झाले, आणि त्याच्याभोवती अशोक सराफ, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी असे मराठी नट उभे राहिले. 'सिंबा' (२०१८) मध्ये संग्राम भालेराव आला, 'सूर्यवंशी' (२०२१) मध्ये वीर सूर्यवंशी, आणि शेवटी तिघे एकत्र आले. मार्व्हलच्या धर्तीवरील या यशस्वी हिंदी मेळ्यात मराठी नावांची अशी रेलचेल आहे, आणि मराठी भाषा मात्र रागाच्या भरात किंवा विनोदापुरती तोंडी लावायला येते. 'सिंघम अगेन' (२०२४) ने या मेळ्यावर रामायणाची चौकट बसवली, म्हणजे फाळक्यांच्या 'लंकादहना'च्या वाटेवर तो पुन्हा आला. फरक असा, की फाळक्यांच्या पडद्यावर कोणतीच भाषा बोलली जात नव्हती.

मराठीच्या बाजूने प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत निखिल महाजन यांचा 'बाजी' हा श्रेयस तळपदे यांची भूमिका असलेला मराठी सुपरहीरोपट आला, पण त्याची मालिका झाली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रगृहांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपटाचा खेळ ठेवणे बंधनकारक केले. हा निर्णय आवश्यकच होता. परंतु त्याने मराठी चित्रपटाला पडदा मिळावा अशी तजवीज केली, जगातल्या चित्रपटाला मराठी मिळावी अशी नव्हे. आणि राज्याच्या हद्दीबाहेर, दिल्लीत, त्याचा काहीच अंमल नव्हता. बहुपडदा चित्रगृहांच्या संस्कृतीचा भारतातील आरंभ १९९७ साली दिल्लीच्याच साकेतमध्ये, पी.व्ही.आर. अनुपममधून झाला, हे येथे आठवते. दुसरीकडे, मराठीत ध्वनिमुद्रण झाले तर मराठी निर्मात्याचा उरलासुरला प्रेक्षकही जाईल, ही भीती होती व आहे. कर्नाटकात याच भीतीपोटी अनेक दशके ध्वनिमुद्रणावर अनौपचारिक बंदी राहिली आणि २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने तिच्या विरोधात निकाल दिला. ही भीती निराधार आहे असे म्हणवत नाही. पण मराठीत बंदी नसतानाही बंदीचाच परिणाम झाला, आणि त्यातून मराठी निर्मात्याचे रक्षणही झाले नाही. त्याचा प्रेक्षक तो चित्रपट हिंदीत पाहून आला.

१ जून २०२३ रोजी 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठी होती. हा चित्रपट तर मेळ्यांचाही मेळा : अनेक विश्वांतील स्पायडर-मॅन एकत्र येतात. त्यांत पवित्र प्रभाकर हा भारतीय नायक आहे. २००४ मध्ये गॉथम कॉमिक्सच्या शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी त्याला मुंबईच्या पार्श्वभूमीवर घडवले होते. मूळ नावाच्या ध्वनीवरून बेतलेले 'प्रभाकर' मराठी कानाला आडनाव वाटत नाही, वडिलांचे नाव वाटते : प्रभाकररावांचा पवित्र. चित्रपटात त्याचे शहर मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून 'मुंबाटन' झाले आहे. अशा नगरीतला हा नायक चित्रपटगृहात प्रथमच मराठी बोलला, सोळा वर्षांपूर्वी भोजपुरी बोललेल्या आपल्या अमेरिकी बंधूच्या मागोमाग. हिंदी आणि पंजाबीत मात्र त्याला शुभमन गिल या क्रिकेटपटूचा आवाज होता, आणि प्रसिद्धीचा झोत त्याच आवृत्त्यांवर राहिला.

दिल्लीतच या प्रश्नाचा पुढचा टप्पा पाहायला मिळाला. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी विज्ञान भवनात ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. पंतप्रधानांनी आपल्या भाषणात तेव्हा गाजत असलेल्या 'छावा' या चित्रपटाचा आणि शिवाजी सावंत यांच्या कादंबरीचा उल्लेख केला. सभागृहातील मराठी वाचकांना ती कादंबरी कित्येक वर्षांपासून परिचित होती. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित तो चित्रपट आठवडाभरापूर्वी हिंदीत प्रदर्शित झाला होता. त्याची तेलुगू आवृत्ती ७ मार्च रोजी आली.